सत्तावीस दिवसांची ताई

३ जानेवारी

आमचे मॅनेजर ग्वाकसाहेब यांनी आज आम्हा चौघींचे मोबाईल काढून घेतले आणि बदल्यात एकेक वही दिली. "पदार्पणाला सहा आठवडे उरलेत. हाताला चाळा हवाच असेल तर लिहा," म्हणाले. सेरिनने लगेच पहिल्या पानावर मोबाईलचं चित्र काढलं आणि त्यावर बोट फिरवत बसली. दोआने वही उशाखाली सारली. मी मात्र लिहिणार. मोठ्यांनी मागे राहून कसं चालेल?

आमच्या नाचगाण्याच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यांत मोठी. माझ्यामागे हान्बी, मग सेरिन, मग दोआ. ग्रुपचं नाव कंपनीने तीनदा बदललं, आता 'साबाल' ठरलंय, म्हणजे वाडगा. एकीलाही आवडलेलं नाही, पण पोस्टरं छापून झाली. शहरातल्या मांगवन भागातल्या या दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि सकाळपासून सगळं वयाच्या क्रमाने चालतं. बाथरूममध्ये आधी मी. जेवायला बसल्यावर मी चमचा उचलल्याशिवाय कोणी घास घेत नाही. कोंबडीचा शेवटचा तुकडा माझा. चमचे मांडायचे, पाणी ओतायचं ते दोआने. आणि चूक कोणाचीही असो, ग्वाकसाहेबांची बोलणी मी खायची. मला हे सगळं मान्य आहे. खरं सांगायचं तर मला ताईपणाची भारी हौस आहे.

हान्बीने आत्ता विचारलं, "ताई, काय लिहिताय?" मी म्हटलं, "कामाचं." ती कपडे वाळत घालत होती, त्यांत माझे मोजेही होते. सरावाच्या तिसऱ्या वर्षी मी तिला मोठ्या मनाने सांगितलं होतं की मला 'तू' म्हटलंस तरी चालेल. तिने ते कधी मनावर घेतलं नाही.

५ जानेवारी

घोटाळा झाला.

सरावानंतर ग्वाकसाहेबांनी सांगितलं की एक फेब्रुवारीला सगळ्यांची माहिती लोकांसमोर जाणार. फोटो, नाव, उंची आणि जन्मतारीख, वर्षासकट. सेरिन उंचीवरून हुज्जत घालू लागली, तिला दोन सेंटिमीटर वाढवून हवे होते. मी बांधलेली बुटाची नाडी सोडून परत बांधायला घेतली.

ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहूनच टाकते. सगळ्या समजतात तशी मी दोन हजार एक सालची नाही. मी दोन हजार दोनच्या पंधरा फेब्रुवारीची आहे आणि हान्बी त्याच वर्षीच्या एकोणीस जानेवारीची. म्हणजे जी मुलगी सहा वर्षं मला ताई म्हणते, माझ्यापुढे कमरेत वाकते, माझे मोजे वाळत घालते, ती माझ्यापेक्षा सत्तावीस दिवसांनी मोठी आहे.

मी खोटं बोलले नव्हते. आमच्या लहानपणी जानेवारी-फेब्रुवारीतल्या पोरांना हवं तर एक वर्ष आधी शाळेत घालता यायचं. माझ्या आईला घाई होती, हान्बीच्या आईला नव्हती. सहा वर्षांपूर्वी, सरावाच्या पहिल्या दिवशी, नृत्याच्या बाईंनी रांगेत विचारलं, "कितवीत?" मी म्हणाले, अकरावीत. शेजारची मुलगी म्हणाली, दहावीत. झालं. ती मुलगी वाकली, 'ताई' म्हणाली आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून तिने स्वतःच्या खांद्याला लावली.

घरी मी तीन बहिणींतलं शेंडेफळ. थोरलीचे कपडे मधलीला, मधलीचे मला, आणि कोपराला भोक पडलं की त्याबद्दल बोलणीही मलाच. जन्मात कोणी माझी पिशवी घेतली नव्हती. तेव्हाच 'अगं, आपण एकाच वर्षाच्या, बरोबरीच्या' असं म्हटलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं. पण खांदा इतका हलका झाला की मी गप्प बसले. एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट अवघड होतं, आणि मी तर सहा वर्षं गप्प आहे.

आता हान्बीला कळेल. मी तिच्याकडून फुकट सेवा करून घेतली असं तिला वाटेल, आणि वाटणारच. मग ती मला ताई म्हणणार नाही.

८ जानेवारी

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. आमच्याकडे प्रत्येक सालाला एक प्राणी असतो, प्राणी सांगितला की जन्मसाल कळतं. दोआने सहज विचारलं, "ताई, तुमचं साल कोणत्या प्राण्याचं?" आणि मी इतकी खोकले की तिने पाठ चोळून दिली.

आजवर निभावलं ते निव्वळ नशिबाने. चार वर्षांपूर्वी एक जानेवारीला, प्यायची परवानगी मिळते त्या दिवशी, माझ्या 'वयाच्या' सगळ्या मुली आयुष्यातली पहिली बियर प्यायला निघाल्या. दारात ओळखपत्र बघतात, माझं वय कायद्याने एक वर्ष कमी पडत होतं. मी सबब शोधत होते, तोंड उघडायच्या आत हान्बीच म्हणाली, "इन्योंगताईंच्या पोटात दुखतंय, त्या येणार नाहीत." माझा चेहराच तसा पडला असणार. मग आम्ही दोघींनी खोलीवर बसून तांदळाची पेज खाल्ली. विमानतळावरही तेच. सगळ्यांचे पासपोर्ट हान्बी आपल्याकडे ठेवते, "ताई, तुम्ही हरवाल" म्हणते. आहे आगाऊपणा, पण माझ्या पथ्यावर पडतो.

आणि केक. दर वाढदिवसाला माझा केक हान्बी आणते आणि त्यावर दरवर्षी एक मेणबत्ती कमी असते. "बेकरीवाल्याने एक कमी दिली, ताई." पाच वर्षं, पाच बेकऱ्या, तरी तेच. पोरीचं गणित कच्चं, दुसरं काय. गंमत म्हणजे तिच्या चुकीने आकडा अगदी बरोबर येतो. मी दरवेळी तिला रागावते आणि मनात सुटकेचा श्वास टाकते.

१२ जानेवारी

ग्वाकसाहेबांना एकटं गाठून विचारलं, "नुसती तारीख दिली आणि वर्ष गाळलं तर?"

"तर तुझ्या शाळेतली कोणीतरी वर्गाचा फोटो टाकेल आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर येईल." मग ते चष्मा पुसत बसले. "इन्योंग, तुझ्या करारावर जन्मतारीख आहे. सही घेताना मी वाचली होती. मला वाटलं, तुमचं आपसांत काहीतरी ठरलंय."

"कोणाशी ठरवणार?"

"म्हणजे हान्बीला माहीत नाही?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे नीट बघितलं. "गेल्या वर्षी सरकारने जन्मतःच एक वर्षाचं धरायची जुनी मोजणी कायद्याने बंद केली, अख्ख्या देशाचं वय कमी केलं. म्हटलं, आता तरी ही कटकट संपेल. कसलं काय." उठता उठता म्हणाले, "ते लोकांसमोर जायच्या आत तूच सांग. तिला परक्याकडून कळायला नको. ताई आहेस ना?"

शेवटचं वाक्य टोमणा होता की धीर, ते मला अजून कळलेलं नाही.

१९ जानेवारी

हान्बीचा वाढदिवस. आज सांगायचंच, असं ठरवून केक मी स्वतः आणला.

ग्वाकसाहेबांनी घरी बोलायला तिला दहा मिनिटं फोन दिला. हान्बीला तीन धाकटे भाऊ. मी दाराशी उभी होते. "त्याला फोन दे. काय रे, अभ्यास? आईने सांगायची वाट बघतोस? आणि मधल्याने आजोबांच्या गोळ्या आणल्या का? मी आले ना, की एकेकाकडे बघते." हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. ग्वाकसाहेबांनाही असा जमत नाही. चौथीत असल्यापासून तिघांचे डबे ती भरायची म्हणे. फोन ठेवला, माझ्याजवळ येऊन धपकन बसली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ताई, भूक लागली."

मी तिला संत्री सोलून दिली, शिरा काढून. तिला शिरा आवडत नाहीत. तीन संत्री झाली. चौथ्या संत्र्याला मी म्हटलं, "हान्बी, एक बोलायचंय."

"बोला ना."

"दारात बूट असे वाकडे कोणी काढलेत?"

ती उठून बूट सरळ करून आली. मी भित्री आहे.

२४ जानेवारी

आज प्रसिद्धीसाठी उलट्या वयाचा खेळ चित्रित केला. घंटा वाजली की दहा मिनिटं सगळी वयं उलटी: धाकटी ती मोठी, मोठी ती धाकटी. कंपनीच्या सहलीत हा खेळ मी बघितला होता, पण तिथे साहेब लोक प्यालेले असतात. इथे शुद्धीत खेळायचं होतं.

दोआ जन्मभर याच क्षणाची वाट बघत असावी. सोफ्यावर पाय पसरून म्हणाली, "इन्योंग, पाणी." मी आणलं. "एका हाताने? घरी काही शिकवलं की नाही? दोन्ही हातांनी दे." मी दोन्ही हातांनी दिलं. "पाठ सरळ. मी तुझ्या वयाची होते तेव्हा दिवसाला बारा तास नाचायचे आणि वर हसायचे." कॅमेरावाला तोंड दाबून हसत होता. ते वाक्य माझं आहे. मी ते रोज म्हणते आणि ते इतकं भयंकर ऐकू येतं हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सेरिनने मला गाऊन दाखवायला लावलं आणि मध्येच "पुरे, पुरे" म्हणून थांबवलं. तेही माझंच.

मग सगळे हान्बीकडे बघू लागले. तिचीच पाळी राहिली होती.

"इन्योंग," ती म्हणाली. पुढे ताई नाही, काही नाही. "खाली बस. डावा बूट काढ."

मी हसण्यावारी नेलं. "कशाला?"

"बस म्हटलं ना? घोटा दहा दिवस दुखतोय. तुला वाटतं कोणाला दिसत नाही. जिना उतरताना कठडा धरतेस, मला दिसतं. बर्फ लावायचा आणि आजचा सराव बसून बघायचा. मोठ्या माणसाचं ऐकायचं असतं."

तोच आवाज. फोनवरचा.

"हो, ताई," मी म्हणाले. इतकं सहज निघालं की मीच चपापले, आणि डोळ्यांत पाणी का आलं ते देव जाणे. घंटा वाजली. हान्बी ताडकन उठली, पोटावर हात ठेवून वाकली, "ताई, माफ करा हं, जास्तच बोलले." सगळे टाळ्या वाजवत हसले. सगळ्यांना वाटलं की ती दहा मिनिटं खोटी होती. खोटं काय आणि खरं काय, ते तिथे फक्त मला आणि ग्वाकसाहेबांना माहीत होतं.

२५ जानेवारी

घोट्याची सूज उतरली. हान्बी ताई म्हणून छान शोभेल असा विचार मनात आला. मला तो मुळीच आवडला नाही.

३१ जानेवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते.

उद्या माहिती लागणार. म्हणजे ताई म्हणून आजचं जेवण शेवटचं. सेरिनने किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या कोबीचा, रस्सा केला होता, दोआने चमचे मांडले, भात वाढला. चौघी बसलो. मी हात मांडीवर ठेवले.

"ताई, सुरू करा ना," दोआ म्हणाली.

"आधी ऐका." आणि मी सांगितलं. शाळा, बाईंचा प्रश्न, पिशवी, सगळं. पाठ केलेलं भाषण निम्म्यात विसरले आणि उरलेलं कसंबसं बोलले.

सेरिनने बोटं मोजली. "म्हणजे हान्बीताई मोठ्या?"

"सत्तावीस दिवसांनी."

"सत्तावीस दिवस? आपल्या फ्रिजमधला मुळा याहून जास्त टिकतो."

"एक दिवस असला तरी मी ताई नाही," मी म्हटलं. "मी सहा वर्षं हिला फसवलं. आजपासून चमचा आधी हान्बीने उचलायचा."

हान्बीने हात मांडीवरून काढले नाहीत. मीही नाही. रस्सा आधी उकळत होता, मग नुसता वाफाळत होता, मग तेही थांबलं. दोआ कधी माझ्या चमच्याकडे बघे, कधी हान्बीच्या. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाली, "कोणीतरी मोठं व्हा हो. मला भूक लागलीय."

"ताई, रस्सा गार होतोय," हान्बी मला म्हणाली.

"मला ताई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? सहा वर्षांत दुसरं काही शिकवलंत का?" तिने मान खाली घातली. मला वाटलं ती रडतेय. ती हसू दाबत होती. "मला माहीत आहे, ताई. दुसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे. तुमची पिशवी रोज मीच उचलत होते. एक दिवस ओळखपत्र खाली पडलं, उचलताना तारीख दिसली."

मी विचारलं, "आणि पोटात दुखतंय, ते?"

"दारात ओळखपत्र बघतात ना."

"पासपोर्ट?"

"सेरिनला दुसऱ्यांचे फोटो बघून हसायची खोड आहे."

"आहे," सेरिन म्हणाली.

"आणि मेणबत्त्या?"

"मेणबत्ती कधीच कमी नव्हती, ताई. बेकरीवाल्यांना उगाच शिव्या बसल्या."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती एरवी जास्त बोलत नाही, म्हणून जसं बोलली तसं उतरवते. "घरी माझ्या पाठीवर तीन आहेत. काही झालं की, 'तू मोठी, तू समजून घे.' इथे पहिल्या दिवशी माझा पाय चुकला, बाई माझ्या अंगावर आल्या आणि तुम्ही मध्ये उभ्या राहिलात. म्हणालात, चूक माझी, मी तिला चुकीचं दाखवलं. तुम्ही मला काहीच दाखवलं नव्हतं, तुम्हाला स्वतःलाच ते येत नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणाच्या तरी मागे उभी राहिले. तारीख बघितली तेव्हा घाबरले. म्हटलं, मला कळलंय हे यांना कळलं तर या ताईपण सोडून देतील आणि मला पुन्हा मोठं व्हावं लागेल. म्हणून कार्ड परत आत ठेवलं आणि चेन लावली."

तो बाईंचा प्रसंग मला आठवतसुद्धा नव्हता. मला पिशवी तेवढी आठवत होती.

मी रडायला लागले, ती रडायला लागली, सेरिनने आम्हा दोघींसमोर टिश्यूचा डबा सरकवला. दोआ म्हणाली, "ताई, कृपा करा. कोणतीही ताई चालेल."

मी चमचा उचलला. रस्सा गार आणि खारट होता. एक थेंब उरला नाही.

१ फेब्रुवारी

माहिती लागली. ग्वाकसाहेब स्वतःच्या मोबाईलवर वाचून दाखवत होते. बारा मिनिटांत कोणीतरी तारखा शोधून विचारलंच, 'मग यांच्यात ताई कोण?' त्याखाली लोकांची मारामारी. "फुकटची प्रसिद्धी," म्हणत ते खूश होऊन गेले.

सेरिनने न्यायनिवाडा केला. सरकारी हिशेबाने हान्बीला एकोणीस जानेवारीला नवं वर्ष लागतं आणि मला पंधरा फेब्रुवारीला. मधले सत्तावीस दिवस हान्बी खरोखर एका वर्षाने मोठी. तेव्हा दरवर्षी ते सत्तावीस दिवस हान्बी ताई, बाकी वर्षभर मी. यंदाचे तेरा वाया गेले, चौदा उरलेत. हान्बी नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "गुपचूप घे. इतकी वर्षं मी उधारीवर ताई होते." तिला चमचा उचलायला लावला. तिने तो डाव्या हातात धरला होता, इतकी ती गोंधळली.

एक अडचण आहे. खेळात माझ्या तोंडून 'ताई' पटकन निघालं होतं. आता हान्बीकडे बघून म्हणायला गेलं की घशात अडकतं.

५ फेब्रुवारी

हान्बीचं राज्य. बाथरूममध्ये पहिलं जायचं म्हणून तिला साडेपाचला उठावं लागतं. झोप हा तिचा जीव की प्राण. डोळे मिटून, भिंत चाचपत जाते. शेवटचा कोंबडीचा तुकडा तिने घेतला, बराच वेळ बघितला आणि कात्रीने चार तुकडे केले. माझ्या वाट्याला कातडी आली.

दुपारी दोआ उशिरा आली म्हणून ग्वाकसाहेबांनी हान्बीला आत बोलावलं. वीस मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर आली. "ताई, हे रोज असं असतं?"

"रोज नाही. सोमवारी जास्त."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा करून आणला. मी म्हटलं, अगं, तू मोठी आहेस. ती म्हणाली, "म्हणूनच करतेय."

१० फेब्रुवारी

आज चांद्र पंचांगाचं नवं वर्ष. पदार्पण तोंडावर, घरी सुट्टी नाही. तांदळाच्या चकत्यांचं सूप खोलीवरच केलं. धाकट्यांनी मोठ्यांना जमिनीला कपाळ टेकून नमस्कार करायचा, म्हणजे आम्ही तिघींनी हान्बीला. ती उशीवर बसली होती, तिचे कान लाल झाले होते. मी इतकी मनापासून वाकले की कपाळ फरशीवर आपटलं. रिवाजाप्रमाणे तिने तिघींना पैशांची पाकिटं दिली. माझ्या पाकिटात चिठ्ठीही होती: 'तुमचा घोटा आता नवव्या पायरीपर्यंत दुखत नाही. मी मोजतेय.'

चिठ्ठी या वहीत ठेवली आहे.

१४ फेब्रुवारी

आज आम्ही रंगमंचावर उभ्या राहिलो. सहा वर्षं या एका दुपारसाठी.

पडद्यामागे क्रमाने उभं केलं होतं. आत जाताना सगळ्यांत मोठी पुढे, ती पहिली दिव्यात येणार, पहिला नमस्कार घालणार आणि ग्रुपचं नाव सांगणार. हान्बी पुढे, मग मी. बाहेर लोकांचा आवाज वाढत होता. आमच्या वाडग्याचं नाव लोक ओरडत होते आणि ओरडण्यात ते अजिबात वाईट वाटत नव्हतं.

हान्बी वळून म्हणाली, "ताई, आजचा दिवस तुम्ही घ्या. उद्यापासून तुमचाच आहे. मला तुमच्या मागे उभं राहू दे."

खोटं कशाला लिहू, माझी जीभ वळवळली. ते पहिलं पाऊल मी अंथरुणात पडून हजार वेळा टाकलं होतं. सेरिनने नजर वळवली. मी एक शब्द बोलले असते की जागा माझी होती, आणि त्याबद्दल कोणी मला नावं ठेवली नसती.

तेवढ्यात मला दिसलं की हान्बीच्या खांद्यावर आमची पाण्याच्या बाटल्यांची पिशवी अजून लटकते आहे. चमचमत्या पोशाखावर मळकी कापडी पिशवी. भीतीने काढायलाच विसरली होती. मी ती तिच्या खांद्यावरून काढली आणि माझ्या खांद्याला लावली.

"तुम्ही पुढे व्हा, ताई," मी म्हणाले.

घशात काही अडकलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, नाक पुसलं, मान सरळ केली आणि गेली. तिच्या पहिल्या पावलाला लोक इतके ओरडले की मला छातीत ऐकू आलं. मी मागोमाग निघाले तर ग्वाकसाहेबांनी धावत येऊन माझ्या खांद्यावरची पिशवी खेचून घेतली.

नाच चुकला नाही. घोटा दुखला नाही. हान्बीने ग्रुपचं नाव सांगितलं तेव्हा तिचा आवाज तोच होता, फोनवरचा, भावांना सांगण्याचा, आणि अख्खं सभागृह गप्प होऊन ऐकत होतं. मी तिच्या मागे उभी होते. मागे उभं राहणं इतकं उबदार असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ती सहा वर्षं या उबेत होती तर.

१५ फेब्रुवारी

साडेपाचला जाग आली. बाथरूम रिकामं. हान्बी तोंडावर पांघरूण घेऊन ढाराढूर झोपली होती. राज्य संपल्याचा एवढा आनंद झालेली राणी मी पाहिली नाही.

मी आंघोळ उरकून तासाभराने बाहेर येते तर ती स्वयंपाकघरात. वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप उकळत होतं, टेबलावर केक. दोआने चमचे मांडले. सेरिन म्हणाली, "इन्योंगताई, मेणबत्त्या मोजून घ्या, परत बेकरीवाल्याला शिव्या नकोत." मी मोजल्या नाहीत. एका फुंकरीत विझवल्या.

सगळ्या बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी उगाच वेळ काढला. खरं तर त्या तिघींचे चेहरे बघत होते. दोआ हातातला चमचा टेबलाखाली लपवून बसली होती.

"ताई," हान्बी म्हणाली, "तू आधी."

तो खेळ सोडला तर सहा वर्षांत पहिल्यांदा 'तू'. मी तिच्याकडे बघितलं. ती सुपात बघत होती, जणू काही बोललीच नाही.

मी चमचा उचलला. आज सूप गरम होतं.